तीन ठोक्यांचा डफ

मित्रांनो, मी एक जुना डफ आहे. डफडे नव्हे, डफ. तुमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत, फुटक्या पृथ्वीगोलाच्या शेजारी मी खुंटीला टांगलेला असतो. मागे शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरले, तेव्हा कोणीतरी माझ्या कड्यावर चिठ्ठी चिकटवली, ‘ग्रामीण करमणुकीचे वाद्य’. ती अजून निघालेली नाही. करमणूक! मी तमाशात वाजलो नाही, वरातीत वाजलो नाही. मी दवंडीचा डफ होतो. सरकारच्या मनात काही आले की ते बाळापूरच्या गल्लीगल्लीत पोहोचवणे हे माझे काम. बोलणारे बोलून मोकळे होत आणि मार मला बसे. इतकी वर्षे गप्प राहिलो, पण त्या चिठ्ठीने माझे डोके फिरवले आहे. म्हणून आज सगळे सांगतो.

मला नत्थुजी नावाच्या कारागिराने घडवले. आंब्याच्या लाकडाचे कडे आणि त्यावर शेळीचे कातडे. कातडे ताणून बसवायला त्याला दोन दिवस लागले. मला दुसऱ्याच्या हाती देताना तो म्हणाला, “याले ऊन दाखवत जा, पण उन्हात इसरू नका.” एवढे एकच वाक्य माझ्या काळजीपोटी कोणी बोलले. मी पुढे सूर्यभानकडे आलो. सूर्यभान बाळापूरचा कोतवाल. उंच, किडकिडीत, आवाजाने खणखणीत आणि कचेरीपुढे गेला की मांजर होणारा माणूस.

आमच्या दवंडीची एक रीत होती. आधी सूर्यभान वाळलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या काटक्यांचा, जाळ करून मला शेकायचा, म्हणजे माझे कातडे ताठ होई. मग गल्लीच्या तोंडाशी उभा राहून ठोके द्यायचा. गाय किंवा वासरू हरवले असेल, तर एक ठोका, मग थांबायचे, मग पुन्हा एक ठोका. पोळ्याला बैलांपुढे झरझर धावता ताल. मजकूर सांगून झाला की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी मोठ्याने म्हणायचे, “ऐकलं जी!” तोवर कोतवालाने जागचे हलायचे नाही. संध्याकाळी तो कचेरीत जाऊन सांगे, “वाजवलं जी, अन् ऐकलं.” मला ही रीत फार आवडायची. मार खाल्ल्याचे काहीतरी सार्थक होई.

आणि तीन जड ठोके? ते बिगारीचे. तुम्हाला बिगार माहीत नसेल. जुन्या राज्यात कोणी अंमलदार जायचा असला की रस्ता नीट करायला, ओझी वाहायला दिसेल तो माणूस धरून नेत. मजुरी नाही, भाकर नाही, कधी सुटका होईल याचा पत्ता नाही. माझे तीन ठोके पडले की गडीमाणसे ज्वारीत नाहीतर गावाजवळच्या मन नदीच्या पात्रात पसार होत आणि बायका आतून कडी लावत. पारावर तेवढा एखादा म्हातारा ठेवलेला असे. त्याला कोणी धरून नेणार नाही, म्हणून “ऐकलं जी” म्हणण्याचे काम त्याचे. पुढे राज्य बदलले, इंग्रज साहेब आले, पण ठोके तेच राहिले. रस्त्याचा हुकूम म्हणजे तीन ठोके, हे सूर्यभानच्या हाताला बापाने शिकवलेले होते.

मग कापसाची वर्षे आली. सात समुद्रांपलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीचे नशीब उघडले. बैलांच्या शिंगांना नवी पितळी शेंबी चढली. बाळापुरात एक आख्खी गल्ली रेच्यांची झाली. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचे हातयंत्र, दोन रूळ आणि फिरवायला एक दांडा. चाळीस बायका दिवसभर रेचे फिरवायच्या. त्यांना ना शेत, ना बैल. रेचा फिरला की चूल पेटायची, इतका साधा हिशेब.

त्यांची पुढारी गोदाबाई. ती हिवरखेडहून आलेली, तोंडाची फटकळ आणि कामाला वाघीण. तिला हे काम शिकवले म्हाताऱ्या मनकर्णाबाईने. मनकर्णाबाईला पोटचे कोणी नव्हते. गोदाबाई तिला माय म्हणायची. म्हातारी रेचा फिरवताना जात्यावरच्या ओव्या म्हणायची. “जातं काय, रेचा काय, गरगर फिरवाचंच हाये,” असे तिचे म्हणणे.

त्या वर्षांत सरकार कुठे नव्हते ते विचारा! आठवड्यातून दोनदा माझी दवंडी. कापसावर पाणी शिंपडू नका. सरकी मिसळू नका. नवे बियाणे आले आहे, घेऊन जा. खुद्द साहेब घोड्यावरून उतरून रेच्यांच्या गल्लीत आला आणि गोदाबाईच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून सरकी शोधू लागला. एक मिळाली, तर ती चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली. लोक खूश, सूर्यभान खूश. त्याने कापसाच्या दवंडीसाठी पोळ्याचा ताल वाजवायला सुरुवात केली. तो ताल ऐकला की माणसे जेवणावरून उठून धावत. कचेरीतले कारकून मोरोपंत एकदा कुरकुरले, “सरकारी हुकूम आणि पोळ्याचा ताल?” पण लोक जमतात हे पाहून तेही गप्प बसले. मित्रांनो, त्या दिवसांत माझी छाती कड्याबाहेर येईल इतकी फुगली होती. मला वाटे, सरकारचे आणि या गल्लीचे नाते जोडणारा मीच. वेडा मी!

तिकडे लढाई थांबली. लढाई थांबणे चांगलेच, पण तिच्याबरोबर इकडचा भावही कोसळला. गाड्या येईनात. एकेक रेचा भिंतीला टेकला. आणि सरकार? सरकार एकदम मुके झाले. दोन दोन महिने मला खुंटीवरून कोणी काढीना. मला वाटायचे, आज बोलतील, उद्या बोलतील. इतके बोलणारे तोंड असे कसे मिटेल?

शेवटी गोदाबाई पंधरा बायका घेऊन कचेरीवर गेली. सूर्यभान तिथे दाराशी होता आणि मी त्याच्या खांद्याला होतो. मोरोपंतांनी वरून आलेला कागद वाचून दाखवला. “भाव चढणे-उतरणे हा विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मामला आहे. सरकार त्यात पडत नाही.”

“असं काय, पंत?” गोदाबाई म्हणाली. “चढता भाव होता तवा सरकारचा हात माह्या ढिगात कोपरापर्यंत होता. तवा मामला सरकारचा, अन् आता उतरला तं आमचा?”

“बाई, मी कागद वाचला. कागद मी लिहीत नाही.”

“मंग लिहिणाऱ्याले सांगा. आमाले भाव नको, दान नको. हाताले काम द्या.”

मोरोपंत वाईट माणूस नव्हते. त्यांनी अर्ज लिहून घेतला आणि वर पाठवला. अर्ज वर गेला तो गेलाच. मला मात्र त्या दिवशी एक गोष्ट खटकली. वरचे खाली आणायला मी होतो, पण खालचे वर न्यायला कोणाचा डफ होता?

दोन वर्षे अशी गेली. तिसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला आणि ज्वारी महागली. रेच्यांच्या गल्लीत एक वेळची चूल पेटेनाशी झाली. मनकर्णाबाई सुकत चालली. गोदाबाई आपल्या भाकरीतला मोठा तुकडा तिच्यापुढे ठेवी आणि म्हातारी तो पदराखाली लपवून शेजारच्या लेकरांना देई. गोदाबाई तिच्यावर ओरडे आणि मग बाहेर येऊन डोळे पुसे. आपली ही माय पुढच्या सुगीपर्यंत जगली पाहिजे, एवढा एकच ध्यास तिने घेतला होता.

आणि मग, मित्रांनो, सरकार बदलले. म्हणजे राज्य तेच, पण विचार बदलला. लोकांना भुकेने मरू देणे बरे नव्हे, ज्याला काम हवे त्याला काम द्यावे, असे वरून आले. बाळापूरहून आगगाडीच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडी फोडायची आणि रोजची मजुरी रोज घ्यायची. गोदाबाईने मागितले होते तेच! फक्त खाली एक अट होती. आठ दिवसांत लोक आले नाहीत, तर इथे टंचाई नाही असे समजून काम बंद करावे.

हा कागद घेऊन सूर्यभान निघाला. त्याने मला शेकले. मला इतका आनंद झाला होता की कधी एकदा वाजतो असे झाले. गल्लीच्या तोंडाशी त्याने काडी उचलली आणि धड्, धड्, धड्! तीन जड ठोके.

रस्त्याचा हुकूम म्हणजे तीन ठोके. त्याच्या हाताने विचारच केला नाही.

मला ओरडावेसे वाटले, अरे, हे नव्हे! पण डफाला दुसऱ्याच्या काडीशिवाय आवाज कुठला? डोळ्यादेखत गल्ली रिकामी झाली. पुरुष नदीकडे पळाले. दाराच्या कड्या खटाखट लागल्या. भुकेने पाय लटपटत होते, तरी माणसे पळाली. सूर्यभान आपल्या खणखणीत आवाजात कचेरीची भाषा म्हणू लागला, “तमाम रयतेस जाहीर करण्यात येते की, सरकारी रस्त्याचे काम...” बस, तेवढेच दारांआड पोहोचले असेल. मजुरीची गोष्ट सगळ्यात शेवटच्या ओळीत होती. ती कोण ऐकतो!

मजकूर संपला. उत्तर नाही. “ऐकलं जी” म्हणायला पारावर बसणारा म्हातारा मागच्याच साली वारला होता आणि त्याच्या जागी दुसरा बसवायचे कोणाला सुचले नव्हते. सूर्यभान बराच वेळ उभा राहिला. ऊन डोक्यावर आले. त्याला अजून चार गल्ल्या आणि दोन वस्त्या फिरायच्या होत्या. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि हळू आवाजात स्वतःच म्हणाला, “ऐकलं जी.”

आणि पुढे गेला. पुढच्या गल्लीतही तेच. संध्याकाळी कचेरीत सांगितले, “वाजवलं जी, अन् ऐकलं.” मोरोपंतांनी तसे लिहिले. मला त्या दिवशी माझ्या कातड्याची लाज वाटली.

आठव्या दिवशी गोदाबाई पुन्हा कचेरीत गेली, पुन्हा काम मागायला. मोरोपंत चकित झाले. “अहो, काम तर निघाले! आठ दिवस साहेबांचे लोक तंबू ठोकून बसले आहेत. एकही माणूस आला नाही. आज तंबू निघतील. दवंडी सगळ्यांनी ऐकली, असे इथे लिहिलेले आहे.”

गोदाबाई तिथून थेट सूर्यभानच्या दारात आली.

“सूर्यभान, आमच्या गल्लीत तुले ऐकलं कोन म्हटलं?”

सूर्यभान आवारातली पऱ्हाटी रचू लागला.

“कोन म्हटलं, सांग ना!”

“मीच म्हटलं, बाई. तुमी सारे पळाले. म्या काय करू?”

“तीन ठोके काहून वाजवले? तीन ठोक्यायले आमचा आजा पळे, बाप पळे. आमी काय बसून राहू?”

“रस्त्याचा हुकूम होता. रस्त्याले तीनच ठोके असतात.”

गोदाबाईने कपाळावर हात मारला. मग तिने मला खुंटीवरून काढले आणि आवारातली पऱ्हाटी पेटवून स्वतः शेकू लागली. “ऊठ. पोळ्याचा ताल वाजव.”

“सरकारी कामाले पोळ्याचा ताल? माही कोतवाली जाईन.”

“तिकडं माही माय जाऊन राहिली!” ती ओरडली. “ऊठ!”

सूर्यभान उठला. भित्रा होता, पण दगड नव्हता. मित्रांनो, त्या दुपारी मी जसा वाजलो तसा जन्मात कधी वाजलो नाही. आम्ही धावत होतो आणि गोदाबाई पुढे ओरडत होती, “बिगार नाई! मजुरी हाये! रोजची रोज!” कड्या निघाल्या. माणसे बाहेर आली. नव्वदएक जण असतील. कोणी पाटी घेतली, कोणी नुसतेच हात. आमची वरात त्या रस्त्याला लागली.

आम्ही पोहोचलो तेव्हा शेवटचा तंबू गाडीत चढत होता.

कामावरचा अधिकारी म्हणाला, “आठ दिवस संपले. सकाळीच वर लिहून गेले. इथे टंचाई नाही.”

नव्वद भुकेली माणसे त्याच्या डोळ्यांपुढे उभी होती, मित्रांनो! पण कागद आधी गेला होता, म्हणून ती त्याला दिसत नव्हती. या गोष्टीचा संताप अजून माझ्या कड्यात आहे. “दवंडी ऐकून आठ दिवस तुम्ही घरी बसलात,” तो म्हणाला.

तेव्हा सूर्यभान पुढे झाला. “ऐकलं असं मीच म्हटलं होतं जी. गल्लीत कोनी नोतं. चूक माही हाये, या लोकायची नाई.”

अधिकारी त्याला खूप बोलला. सगळी चूक एकट्या सूर्यभानची होती का, हे तुम्हीच ठरवा. तीन ठोक्यांची भीती काय त्याने घातली होती? गेली दोन वर्षे तो मुका होता का? पण बोलणी त्यालाच बसली. मोरोपंतांनी त्याच संध्याकाळी नवा अर्ज लिहिला. आता वरून हुकूम येईपर्यंत थांबायचे होते.

हुकूम यायला सत्तावीस दिवस लागले. त्या सत्तावीस दिवसांत काही माणसे परतवाड्याकडे, मेळघाटच्या जंगलात मोहफुले वेचायला निघून गेली. गोदाबाई मायला सोडून कुठे जाणार? ती रानातली भाजी आणायची, उकळून पाणी पाजायची आणि रोज सूर्यभानला विचारायची, “आला काय?” तो मान हलवायचा.

विसाव्या दिवशी मनकर्णाबाई गेली.

सत्ताविसाव्या दिवशी हुकूम आला. त्याच्याबरोबर दुसराही कागद होता. खोटी वर्दी दिल्याबद्दल सूर्यभानची कोतवाली काढली होती. शेवटची दवंडी तेवढी त्याने द्यायची होती. खोटे बोलला तेव्हा काही झाले नाही. खरे बोलला तेव्हा काम गेले.

त्या सकाळी सूर्यभानने मला हलक्या हाताने शेकले. तीन ठोके त्याने दिले नाहीत. पोळ्याचा तालही त्याला वाजवता येईना. त्याने एक ठोका दिला आणि थांबला. पुन्हा एक ठोका, पुन्हा थांबला. काही हरवल्याचा ठोका. काय हरवले म्हणून लोक बाहेर आले. त्याने मजुरीची गोष्ट सगळ्यात आधी सांगितली, साध्या बोलीत. सगळीकडून “ऐकलं जी” आले.

गल्लीच्या शेवटी गोदाबाई उभी होती. ती म्हणाली, “माह्या मायच्या दारापुढं वाजव.”

दाराला बाहेरून कडी होती. सूर्यभानने तिथे ठोका दिला, पूर्ण हुकूम सांगितला आणि तो थांबला. रीतच होती, उत्तर येईपर्यंत हलायचे नाही. आख्खी गल्ली उभी होती. कोणी त्या घराच्या वतीने बोलले नाही. या वेळी तोही बोलला नाही. किती वेळ गेला मला माहीत नाही.

मग गोदाबाई म्हणाली, “जा आता. कचेरीत सांगजो, एका घरानं ऐकलं म्हटलं नाई.”

त्याने तसेच सांगितले. मोरोपंतांनी लेखणी बुडवली आणि परत ठेवली. तेवढ्यासाठी कागदावर जागा नव्हती.

काम चालले. रस्ता झाला, गोदाबाईने खडी फोडली, गल्ली जगली. हे मी नाही म्हणत नाही. काही न करणाऱ्या सरकारपेक्षा उशिरा करणारे बरे. पण तुमच्यातले काही जण उद्या कचेरीत बसतील, हुकूम लिहितील. त्यांना मला सांगायचे आहे. मन बदलले असेल तर ठोकाही बदला. जुन्या मारातून चांगली गोष्ट सांगू गेलात, तर लोक पळणारच. आणि कोणी आले नाही, तर गरज नाही असे लिहिण्याआधी एकदा दार ठोठावून पाहा.

नव्या कोतवालाने नवा डफ आणला. मी चावडीत धूळ खात राहिलो, एका पावसाळ्यात कातडे उसवले, आणि फिरत फिरत तुमच्या या खोलीत आलो. मला पुन्हा वाजवा असे मी म्हणत नाही. ती चिठ्ठी मात्र काढा. अधूनमधून ऊन दाखवा, पण उन्हात विसरू नका.

माझा मजकूर संपला, मित्रांनो. आता रीतीप्रमाणे मी इथेच थांबतो. खरोखर ऐकले असेल, तर तुमच्यातल्या कोणीतरी तेवढे म्हणा. मी माझ्या मनाने म्हणणार नाही.